हॉक माउंटनवरून शिकारी पक्ष्यांचे स्थलांतर पाहताना: दिवस निवडण्यापासून नोंदीपर्यंत

पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क या पट्ट्यात राहणारी अनेक मराठी कुटुंबे शरद ऋतूत पूर्व पेनसिल्व्हेनियातील हॉक माउंटनवर जातात आणि त्यांतली बरीचशी ‘दोन-चार गिधाडे दिसली, बाकी काही नाही’ असे सांगत परततात. त्याच दिवशी त्याच कड्यावरून मोजणी करणाऱ्यांच्या पाटीवर दीडशे-दोनशे पक्ष्यांची नोंद झालेली असते. हा फरक महागड्या दुर्बिणीमुळे पडत नाही. चुकीचा आठवडा, उलटा वाचलेला वारा, डोक्यावरच्या रिकाम्या आकाशाकडे लावलेली नजर आणि आकार पाहण्याआधी नाव ठरवण्याची घाई या चार चुकांमुळे पडतो. त्या टाळण्यासाठी कामाचा क्रम कसा असावा, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे. सगळे वर्णन किटाटिनी डोंगररांगेवरील नॉर्थ लुकआउट या ठिकाणाचे असून तेथील शरदातील अधिकृत मोजणी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर या काळात चालते.

१. आधी पक्षी ठरवावा, मग आठवडा

‘ऑक्टोबरात पाने रंगतात, तेव्हा जाऊ आणि हजारो हॉकही (शिक्रा-घारीसारखे शिकारी पक्षी) पाहू’ हा बेत मुळातच जुळत नाही. हजारोंच्या संख्येने जाणारा पक्षी एकच आहे आणि तो म्हणजे ब्रॉड-विंग्ड हॉक. त्याचा मोठा लोंढा साधारण १० ते २५ सप्टेंबर या पंधरवड्यात निघून जातो. ऑक्टोबरच्या मध्यावर, झाडे ऐन रंगात आलेली असताना, तो दक्षिणेकडे कितीतरी पुढे पोहोचलेला असतो. त्यामुळे थवे पाहायचे असतील तर सप्टेंबरचा मध्य गाठावा आणि पाने हिरवी असतील हे मान्य करावे.

ऑक्टोबर निष्फळ असतो असा याचा अर्थ नाही. त्याचे पक्षी वेगळे असतात. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शार्प-शिन्ड हॉक आणि कूपर्स हॉक यांची गर्दी असते, आणि पेरेग्रीन म्हणजे आपला बहिरी ससाणा दिसण्याची सर्वांत चांगली संधीही ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मिळते. माझ्या मते आकार आणि उडण्याची ढब शिकायला यासारखा काळ नाही, कारण विविधता भरपूर असते आणि पक्षी एकेकटे, पुष्कळदा कड्याच्या जवळून जातात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रेड-टेल्ड हॉक, रेड-शोल्डर्ड हॉक आणि सोनेरी गरुड येतात. सोनेरी गरुडासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा राखून ठेवावा. एका दिवसात दोन-तीन जरी दिसले तरी तो दिवस उत्तम समजावा. मासे पकडणारा ऑस्प्रे आणि छोटा ससाणा अमेरिकन केस्ट्रल मुख्यतः सप्टेंबरात जातात. पांढऱ्या डोक्याचा बॉल्ड ईगल आणि भोवत्याच्या जातीचा नॉर्दर्न हॅरियर हे दोघे मोसमभर थोडे थोडे येत राहतात.

पडताळणी: ‘मी अमुक पक्ष्यासाठी अमुक आठवड्यात जात आहे’ असे एक वाक्य लिहून काढावे. ते लिहिता येत नसेल तर रजेचा अर्ज अजून देऊ नये.

२. वारा पाहून दिवस निवडावा

ही डोंगररांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेली आहे. वायव्येचा वारा तिच्यावर जवळजवळ काटकोनात आदळतो आणि उतारावरून वर ढकलला जातो. या वर चढणाऱ्या हवेवर पंख ताणून ठेवले की पक्ष्याला पंख फारसे न मारता मैलोगणती अंतर कापता येते, म्हणून तो रांगेची धार सोडत नाही आणि आपल्यासमोरून जातो. थंड हवेची आघाडी पाऊस पाडून पुढे सरकली, आर्द्रता उतरली आणि वारा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे वळला की पुढचे दोन-तीन दिवस जाण्यासारखे असतात. पहिल्या दिवशी वारा कधी कधी इतका जोराचा असतो की दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. मला दुसरा दिवस अधिक आवडतो. ताशी १० ते २० मैलांचा वायव्य वारा आणि आकाशात विखुरलेले पांढरे ढग ही ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी आदर्श स्थिती होय.

सावधगिरी: हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा असते. काही ॲपमधला बाण मात्र वारा जिकडे जातो ते दाखवतो. वायव्येचा वारा समजून आग्नेयेच्या वाऱ्यावर दिवस घालवलेले लोक मी दरवर्षी पाहतो. बाण न पाहता शब्द वाचावा.

ब्रॉड-विंग्ड हॉकच्या बाबतीत हिशेब थोडा बदलतो. हा पक्षी कड्याच्या वाऱ्यापेक्षा थर्मलवर, म्हणजे उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभांवर, जास्त अवलंबून असतो. आपल्या गावात दुपारच्या उन्हात घारी पंख न हलवता घिरट्या घेत वर जातात, तोच हा प्रकार आहे. त्यामुळे सप्टेंबरात वारा मंद असला तरी चालतो, मात्र ऊन हवे. दिवसभर दाट ढगांचे आच्छादन, धुके किंवा संततधार पाऊस असेल तर कोणत्याही महिन्यात घरी थांबावे.

एकच तारीख धरून बसू नये, हा या टप्प्याचा गाभा आहे. निवडलेल्या आठवड्यात तीन दिवस संभाव्य म्हणून मोकळे ठेवावेत आणि आदल्या दोन दिवसांचा अंदाज पाहून त्यांतला एक पक्का करावा. हॉककाउंट या संकेतस्थळावर मोजणी-ठिकाणांचे रोजचे आकडे दिलेले असतात. ईशान्येकडच्या ठिकाणांवर आदल्या दिवशी मोठी संख्या लागली असेल तर आपली बॅग दाराशी आणून ठेवायला हरकत नाही. शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळावा, कारण ऑक्टोबरातल्या सुट्टीच्या दिवशी वाहनतळ लवकर भरतो आणि कड्यावर बसायला सपाट दगड उरत नाही.

३. आदल्या रात्रीची तयारी

दुर्बीण ८ पट वाढवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची असावी. १० पट चालते, पण तिच्यातून आकाशाचा तुकडा लहान दिसतो आणि हाताचा कंप जास्त जाणवतो. नवशिक्याने टेलिस्कोप नेऊच नये; तो लावून फिरवेपर्यंत पक्षी गेलेला असतो.

दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवून घेणे ही सर्वाधिक टाळली जाणारी पायरी आहे आणि ती कड्यावर नव्हे, तर घरीच करायची आहे. लांबचा एखादा फलक निवडावा. उजवे भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी प्रतिमा स्पष्ट करावी. मग डावे भिंग झाकावे आणि मधल्या चाकाला हात न लावता डोळ्याजवळच्या समायोजन-कड्याने उजव्या डोळ्याची प्रतिमा स्पष्ट करावी. हे कडे बहुतेक दुर्बिणींत उजव्या बाजूला असते. त्याची खूण लक्षात ठेवावी, कारण पिशवीत ते फिरू शकते. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्यांजवळचे रबरी कप खाली दाबून ठेवावेत, नाहीतर दृश्याचा कडेचा भाग दिसत नाही.

कपड्यांचा अंदाज घरच्या अंगणातल्या हवेवरून बांधू नये. नॉर्थ लुकआउट १,५२१ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर उंचीवर आहे. उंची फार नाही, परंतु उघड्या खडकावर वाऱ्यात पाच-सहा तास न हलता बसायचे असते. सप्टेंबरात टोपी, उन्हाचे मलम आणि एक पातळ जाकीट पुरते. नोव्हेंबरात मात्र थरावर थर, कानटोपी, जाड मोजे आणि बोटे मोकळी ठेवणारे हातमोजे लागतात. बसण्यासाठी जाड उशी किंवा फोमचा तुकडा न्यावाच. थंड, धारदार खडकावर दोन तासांच्या पुढे कोणाला बसवत नाही आणि घाईने परतण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते, असा माझा अनुभव आहे.

खाण्यासाठी एका हाताने खाता येईल असे काही घ्यावे. दशम्या, पोळीची गुंडाळी, लाडू, चिक्की हे सगळे उत्तम. रस्सा आणि डबे उघडून मांडण्याचा बेत करू नये, कारण थवा नेमका त्या वेळी येतो आणि दुर्बिणीला तेलाचे हात लागतात. माणशी किमान दीड-दोन लिटर पाणी असावे, कारण वाटेवर काहीही विकत मिळत नाही. याखेरीज खिशातली वही, पेन्सिल (थंडीत पेनाची शाई अडते) आणि बोटाने दाबून आकडा वाढवणारा छोटा गणक बरोबर ठेवावा. रस्त्याचा नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्यावा, कारण डोंगरात रेंजचा भरवसा नसतो.

सावधगिरी: कुत्र्यांना आणि अन्य पाळीव प्राण्यांना या पायवाटांवर परवानगी नाही. दर मोसमात कोणी ना कोणी हे न पाहता येतो आणि त्याला परत फिरावे लागते.

४. वेळेवर पोहोचणे आणि जागा घेणे

फिलाडेल्फियाहून गाडीने साधारण दीड तास लागतो, तर मध्य न्यू जर्सीतून पावणेदोन ते दोन तास धरावेत. अभ्यागत केंद्रात पायवाटेचे शुल्क भरून, तेथील स्वच्छतागृह वापरून मगच चढायला लागावे. साउथ लुकआउट अगदी जवळ, काहीशे यार्डांवर आहे. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन आलात तर तिथे थांबण्यात कसलाही कमीपणा नाही. नॉर्थ लुकआउट सुमारे एक मैल आत आहे. वाटेचा शेवटचा भाग दगडांचा आणि चढाचा असल्याने अर्धा ते पाऊण तास हाताशी ठेवावा. घोट्याला आधार देणारे बूट असावेत. भारतातून आलेल्या पाहुण्यांना नेताना हे आधी सांगावे, कारण चपला-सँडलवर आलेली वडीलधारी मंडळी शेवटच्या दगडांपाशी अडतात.

सकाळी साडेआठ ते नऊच्या सुमारास कड्यावर असावे. ऑक्टोबरात शार्प-शिन्ड हॉक सकाळी लवकर, खालून आणि जवळून जातात. सप्टेंबरात ऊन तापू लागले की, म्हणजे साधारण नऊ-दहानंतर, आदल्या संध्याकाळी जंगलात उतरलेले ब्रॉड-विंग्ड हॉक झाडांतून वर येऊ लागतात. अकराला पोहोचणारा माणूस हे दोन्ही गमावतो.

बसताना तोंड ईशान्येकडे असावे, कारण पक्षी तिकडून येतात. मोजणी करणाऱ्यांच्या पुढ्यात बसू नये. ते ज्या रेषेत पाहतात ती रेषा मोकळी ठेवून थोडे बाजूला किंवा मागे बसले, तर त्यांचे बोलणे कानावर पडते आणि त्यातून खूप शिकता येते. त्यांना प्रश्न जरूर विचारावेत, पण पक्ष्यांचा ओघ चालू असताना नव्हे.

सावधगिरी: उबदार दिवशी खडकांच्या फटींत न पाहता हात किंवा पाय घालू नये. या रांगेत टिंबर रॅटलस्नेक हा विषारी साप आढळतो.

५. दुर्बीण उचलण्याआधी खुणा पाठ कराव्यात

पहिली दहा मिनिटे पक्षी शोधू नयेत. समोरच्या रांगेवरचे उंचवटे पाहावेत. कड्यावर त्यांना क्रमांकांनी, एक ते पाच असे ओळखतात. उजव्या हाताला पिनॅकल हे ठळक टोक दिसते आणि खाली दरीत झाडांमधून पसरलेला दगडांचा पट्टा दिसतो, त्याला रिव्हर ऑफ रॉक्स म्हणतात. शेजारच्या अनुभवी माणसाला विचारून प्रत्येक उंचवट्याचा क्रमांक पक्का करावा.

कारण असे की कड्यावरचा सगळा संवाद या खुणांवर चालतो. ‘तीनच्या वर, एक दुर्बीण उंच, डावीकडे सरकतोय’ असे कोणी सांगितले, तर तिसऱ्या उंचवट्यावर दुर्बीण लावून दृश्याचे एक पूर्ण वर्तुळ वर सरकायचे, असा त्याचा अर्थ असतो. ज्याला खुणा ठाऊक नाहीत तो सांगणाऱ्याच्या बोटाकडे पाहतो, आणि बोटाची दिशा दोन हात अंतरावर बसलेल्या माणसाला कधीच बरोबर दिसत नाही. आपणही पक्षी दाखवताना बोट वापरू नये. आधी खूण, मग उंची, मग सरकण्याची दिशा, आणि जवळ ढग असेल तर ढगाची कड, या क्रमाने सांगावे.

पडताळणी: डोळे मिटून पाचही उंचवटे आणि पिनॅकल कुठे आहेत ते मनात आणता आले पाहिजे.

६. आकाश विंचरण्याची पद्धत

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. बहुतेक जण मान वर करून डोक्यावरचे आकाश पाहतात. पक्षी डोक्यावर येतो तेव्हा तो ओळखायला आणि अनुभवायला काही सेकंद उरलेले असतात. त्याला दोन मैलांवर, रांगेच्या धारेजवळ असतानाच पकडायचे असते.

पहिली फेरी दुर्बिणीने रांगेच्या क्षितिजावरून काढावी. दृश्याचा खालचा एक-तृतीयांश भाग डोंगर आणि वरचा दोन-तृतीयांश आकाश असा ठेवून डावीकडून उजवीकडे जावे, पण सरकत राहू नये. दुर्बीण थोडी हलवावी, दोन-तीन सेकंद थांबावे, मग पुढे न्यावी. हलत्या दृश्यात लांबचा ठिपका डोळ्याला सापडत नाही. दुसरी फेरी एक दुर्बीण वर आणि तिसरी त्याच्याही वर काढावी. मग दुर्बीण खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी जवळचे आकाश आणि खालचा उतार पाहावा, कारण शार्प-शिन्ड हॉक पुष्कळदा पायांच्या पातळीवरून झाडांना चाटून जातो. ही पूर्ण आवृत्ती तीन-चार मिनिटांची होते. नंतर अर्धा मिनिट डोळ्यांना विश्रांती द्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी.

निरभ्र निळे आकाश सुंदर असले तरी पाहणाऱ्याला ते जड जाते. समोर काहीच नसले की डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि लांबचा पक्षी धूसर होऊन हरवतो. अशा दिवशी प्रत्येक फेरीआधी दुर्बीण दूरच्या रांगेवरील एखाद्या झाडावर स्पष्ट करावी आणि मगच आकाशात न्यावी. पांढरे ढग असतील तर ते आधी पाहावेत, कारण त्यांच्या पार्श्वभूमीवर काळा ठिपका चटकन उठून दिसतो.

वाऱ्यानुसार कोणती बाजू जास्त पाहायची ते ठरते. ईशान्येकडे तोंड करून बसल्यावर डावी बाजू वायव्येची असते. वायव्य वाऱ्यात पक्षी रांगेच्या त्या बाजूने आणि धारेवरून येतात. वारा दक्षिणेचा किंवा पूर्वेचा असेल तर ते उजव्या उतारावर आणि दरीच्या बाजूला सरकतात, म्हणून दुर्बीणही तिकडे जास्त वेळ ठेवावी. कड्यावर एका काठीवर घुबडाची प्रतिकृती लावलेली असते. तिला हुसकायला शार्प-शिन्ड हॉक अनेकदा झेप घेऊन अगदी जवळ येतात, तेव्हा अधूनमधून तिच्याकडेही लक्ष असावे.

सावधगिरी: दुर्बीण सूर्याच्या जवळपासही नेऊ नये. सकाळी सूर्य उजव्या हाताला असतो; तिकडची फेरी काढताना सूर्य खडकाने किंवा हाताने झाकलेला ठेवावा.

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान आकाश रिकामे झाल्यासारखे वाटते. सप्टेंबरात याचे कारण बहुधा असे असते की थर्मल जोरात असल्याने पक्षी नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके वर गेलेले असतात. लोक नेमके याच वेळी उशा गुंडाळतात. अशा वेळी पाठीवर टेकून ढगांच्या तळाशी दुर्बीण लावावी, तिथे मिरीच्या दाण्यांसारखे ठिपके फिरताना दिसतात. तीननंतर हवा शांत होऊ लागली की पक्षी पुन्हा खाली येतात.

७. नाव शेवटी, आकार आधी

पक्षी दिसताच पुस्तक उघडू नये. पुस्तकात मान घातलेल्या माणसाच्या मागून पक्षी निघून जातो. तीन प्रश्न क्रमाने विचारावेत: पंखांचा आकार कसा आहे, शेपूट लांब की आखूड, आणि उडण्याची लय कशी आहे. रंग हा चौथा प्रश्न आहे, आणि लांबच्या पक्ष्याच्या बाबतीत तो विचारूच नये, कारण प्रकाशाविरुद्ध सगळेच काळे दिसते.

शिक्र्याचे भाऊबंद असलेले शार्प-शिन्ड आणि कूपर्स हॉक यांचे पंख आखूड व गोलसर, शेपूट लांब, आणि लय ‘फडफड, फडफड, मग तरंग’ अशी असते. ज्याने गावाकडे शिक्रा उडताना पाहिला आहे त्याला हा गट पहिल्याच दिवशी साधतो. या दोघांत फरक करणे कठीण असते आणि पहिल्या मोसमात त्यावर अडून बसू नये. शार्प-शिन्डचे डोके लहान असून ते पंखांच्या पुढच्या कडेबाहेर जेमतेम येते आणि शेपटीचे टोक सरळ कापल्यासारखे असते. कूपर्सचे डोके स्पष्ट पुढे आलेले असते, शेपूट गोलसर आणि तिची पांढरी किनार रुंद असते, त्यामुळे तो क्रुसासारखा भासतो.

रुंद पंख आणि आखूड शेपूट असलेल्या गटात ब्रॉड-विंग्ड, रेड-टेल्ड आणि रेड-शोल्डर्ड हे हॉक येतात. ब्रॉड-विंग्ड कावळ्याच्या आसपासच्या आकाराचा असतो, पंखांची खालची बाजू फिकट आणि कडेने गडद रेघ, प्रौढाच्या शेपटीवर काळे-पांढरे ठळक पट्टे असतात. रेड-टेल्ड बराच मोठा आणि जड असतो; पंखाच्या पुढच्या कडेवर, खांद्यापासून मनगटापर्यंत, खालून दिसणारा गडद पट्टा ही त्याची खात्रीची खूण होय. तांबडी शेपूट शोधत बसू नये, पहिल्या वर्षाच्या पिलांना ती नसते. रेड-शोल्डर्डच्या पंखांच्या टोकांजवळ उजेड आरपार येणारी फिकट चंद्रकोर दिसते.

टोकदार पंख दिसले की तो ससाण्यांचा गट. केस्ट्रल आपल्या खरुचीसारखा, हलका आणि वाऱ्यात डगमगणारा. मर्लिन गडद आणि सरळ रेषेत सुसाट जाणारा. पेरेग्रीन मोठा, छातीशी भारदस्त आणि खोल, संथ पंखमारीचा असतो. ऑस्प्रेचे पंख मनगटात मोडलेले असतात आणि समोरून तो इंग्रजी एम अक्षरासारखा दिसतो. हॅरियर पंख व्ही आकारात उचलून झाडांवरून डुलत जातो आणि शेपटीच्या बुडाशी पांढरा चौकोन दाखवतो.

आता सर्वाधिक फसवणारा पक्षी, टर्की व्हल्चर म्हणजे तिथले गिधाड. त्याला गरुड समजून आनंदाने ओरडणारे लोक दर तासाला भेटतात. त्याचे पंख व्ही आकारात उचललेले असतात, तो सतत दोन्ही बाजूंना झोके खातो आणि पंखांची खालची बाजू दुरंगी, म्हणजे पुढे काळी व मागे राखाडी असते. बॉल्ड ईगल फळकुटासारखे सपाट पंख ठेवून एका रेषेत, जराही न डगमगता जातो. सोनेरी गरुड पंख किंचित वर धरतो, त्याचे डोके त्यामानाने लहान व शेपूट लांब असते, आणि तरुण पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा भाग असतो.

पडताळणी: पक्ष्याचा गट सांगता आला आणि नाव सांगता आले नाही, तर तो यशस्वी निरीक्षणच आहे. वहीत ‘गट अमुक, जात अनिश्चित’ असे लिहावे. अधिकृत मोजणीतही अनिश्चित पक्ष्यांसाठी रकाना असतो, आणि अंदाजाने टाकलेल्या नावापेक्षा त्या रकान्यातली एक रेघ अधिक मोलाची असते.

८. थवा कसा मोजावा

ब्रॉड-विंग्ड हॉक थर्मलमध्ये शिरून एकत्र घिरट्या घेतात. या फिरत्या थव्याला तिथे केटल म्हणतात. तो दिसताच मोजायला लागणे ही चूक मी माझ्या पहिल्या मोसमात दिवसभर केली. गोल फिरणारा पक्षी दर काही सेकंदांनी पुन्हा समोर येतो, नवे पक्षी खालून येऊन मिळतात, आणि माझे आकडे शेजारच्या अनुभवी मोजणीदाराच्या जवळपास दुप्पट येत होते.

केटल फिरत असताना फक्त थांबावे. वर पोहोचलेले पक्षी पंख मागे ओढून एकामागून एक नैर्ऋत्येकडे घसरू लागतात, तेव्हा त्यांची माळ तयार होते. आकाशात एक रेषा कल्पावी, एखाद्या ढगाची कड किंवा उंचवट्याच्या वरची उभी रेघ, आणि ती ओलांडणारा प्रत्येक पक्षी मोजावा. माळ विरळ असेल तर एकेक, दाट असेल तर पाच-पाच किंवा दहा-दहाच्या गठ्ठ्याने गणक दाबावा. दहा पक्षी किती जागा व्यापतात हे आधी नीट मोजून डोळ्यांत बसवले की पुढचे गठ्ठे बरेच अचूक पडतात. माळेची शेपटी संपेपर्यंत दुर्बीण हलवू नये.

नैर्ऋत्येकडे जो पुढे निघून गेला, तोच स्थलांतरित म्हणून मोजावा. उलट दिशेला परतलेला, त्याच उतारावर पुन्हा पुन्हा घिरट्या घेणारा किंवा झाडावर उतरलेला रेड-टेल्ड बहुधा तिथला रहिवासी असतो. दोघे-तिघे असाल तर आकाश वाटून घ्यावे, एकाने डावी बाजू, एकाने उजवी, आणि सीमा कोणती हे आधी ठरवावे. अन्यथा मधला पक्षी दोघांच्याही वहीत जातो.

९. नोंद आणि उतरणे

नोंद दर तासाच्या शेवटी, तिथेच करावी. तास, वाऱ्याची दिशा व जोर, ढगांचे प्रमाण, जात किंवा गट आणि संख्या इतके पुरे. एकही पक्षी न गेलेला तासही शून्य लिहून नोंदवावा, कारण कोरी जागा पाहून नंतर ‘पक्षी नव्हते की मी जेवत होतो’ हे आठवत नाही. संध्याकाळी आपले आकडे मोजणीच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. हे करताना वेळेची अडचण येते: मोजणीच्या तक्त्यांत सामान्यतः प्रमाण वेळ लिहितात, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपली घड्याळे एक तास पुढे असतात. त्यामुळे आपल्या घड्याळाचा दहाचा तास तिथे नऊचा असतो. तो फरक काढल्याशिवाय तुलना करू नये.

पायवाटा सूर्यास्ताला बंद होतात आणि नोव्हेंबरात घड्याळे बदलल्यावर अंधार पाचच्या आधीच दाटू लागतो. दगडांची वाट उजेडात उतरता यावी म्हणून सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी निघावे. साली, कागद, चहाचे पेले सगळे परत आणावे, आणि खारींसाठी खडकावर काही ठेवू नये. गाडीत बसण्याआधी पँट, मोज्यांच्या कडा आणि मुलांच्या मानेमागचे केस तपासावेत. पेनसिल्व्हेनियात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिड्या भरपूर आहेत आणि त्या शरदातही चावतात. घरी पोहोचल्यावर अंघोळ करताना पुन्हा एकदा काखा, जांघा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू पाहावी. चिकटलेली गोचिडी दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी आणि त्या दिवसाची तारीख पक्ष्यांच्या वहीतच लिहून ठेवावी, म्हणजे पुढे ताप किंवा पुरळ आल्यास डॉक्टरांना नेमके सांगता येते.